थेट इंजेक्शनचे इंजिन बदलून घ्यावे का?

प्रश्न : माझ्या मोटारीचे पेट्रोल इंजिन थेट इंजेक्शनचे आहे. थंड असताना सुरू केले की ते थरथरते. इनटेक व्हॉल्व्हवर (सिलिंडरमध्ये हवा सोडणाऱ्या झडपांवर) कार्बन साचल्याचे मेकॅनिक सांगतात आणि जुन्या पद्धतीचे पोर्ट इंजेक्शन बसवून घ्या म्हणतात. तसे करावे का?

उत्तर : करू नये. निदान बरोबर असू शकते, उपाय मात्र महागात पडेल. पोर्ट इंजेक्शनमध्ये, म्हणजे सिलिंडरबाहेरच्या हवेच्या वाटेत, साधारण 3 ते 4 बार दाबाने फवारलेले पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवर पडून ती धूत राहते. थेट इंजेक्शनमध्ये ते सरळ सिलिंडरमध्ये जाते, म्हणून क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागातून) येणारी तेलाची वाफ व्हॉल्व्हवर भाजून डांबरासारखा काळा थर धरते.

परंतु तुमचे इंजिन मुळातच थेट फवारणी गृहीत धरून घडवलेले आहे. सिलिंडरच्या आत बाष्प होणारे पेट्रोल तिथली हवा थंड करते आणि त्या भरवशावरच कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) चढा ठेवलेला असतो; हा गारवा गेला की इंजिन नॉक करू लागते, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटून ठोके बसतात, आणि पिस्टनला धोका पोहोचतो. शिवाय सिलिंडर हेडमधली (सिलिंडरच्या वरच्या झाकणातली) इंजेक्टरची छिद्रे ज्वलनाचा पूर्ण दाब सोसतील अशी बुजवावी लागतात, मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांवर) नवे इंजेक्टर बसवावे लागतात आणि ईसीयूही (इंजिन चालवणारा संगणक) बदलावा लागतो, कारण मूळ ईसीयू उच्चदाब पंप व इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा (रेलचा) सेन्सर सापडला नाही की इंजिनाची ताकद रोखून धरतो. हे सारे जमवले तरी प्रदूषणाच्या नियमांचा प्रश्न उरतोच. कार्बनचा त्रास ओळखणाऱ्या उत्पादकांनीही थेट इंजेक्शन काढून टाकलेले नाही. टोयोटाने डी-4एस रचनेत त्याच्या जोडीला पोर्ट इंजेक्टर दिले.

आधी स्पार्क प्लग व इग्निशन कॉइल तपासून घ्या, कारण थरथर त्यांच्यामुळेही होते. मग बोरोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून व्हॉल्व्ह प्रत्यक्ष पाहायला सांगा. थर जाड असेल तर मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या कवचाच्या बारीक भुकटीचा मारा करून तो काढतात. ज्या सिलिंडरचे काम चालू आहे त्याचे इनटेक व्हॉल्व्ह त्या वेळी पूर्ण बंद असले पाहिजेत, नाहीतर भुकटी आत जाते. ही काळजी घेतली जाते का, हे तुम्ही आवर्जून विचारा. टाकीत ओतायची औषधे या थरापर्यंत पोहोचतच नाहीत, त्यांवर पैसे घालवू नका. सफाईनंतर पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ इनटेककडे सोडणारी झडप) तपासून घ्या आणि इंजिनातले तेल मोटारीच्या उत्पादकाने सांगितलेल्याच प्रतीचे वापरून वेळच्या वेळी बदला.