अंगठा बांधा, कोपर चालवा

प्रश्न : पोळी-भाजी केंद्रात रोज दोनेकशे पोळ्या लाटते. दोन महिने उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखतंय. पातेलं उचललं की कळ येते. क्रेप बँडेज बांधूनही फरक नाही. संधिवात असेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : वर्णनावरून ‘डी क्वेरव्हेन’चा त्रास वाटतो. अंगठा बाहेर नेणाऱ्या आणि ताठ करणाऱ्या दोन कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) मनगटाच्या कडेला एकाच अरुंद बोगद्यातून जातात. अंगठा ताणलेला, मनगट करंगळीकडे कललेलं, अशा स्थितीत हात सतत पुढेमागे होत राहिला की बोगद्याचं आवरण जाड होतं आणि कंडरा आत घासतात. अंगठा मुठीत घ्या आणि मूठ अगदी हलकेच करंगळीकडे झुकवा. नेमकी त्याच जागी तीव्र कळ आली तर संशय बळावतो. जोर लावू नका, जोर लावला तर निरोगी हातालाही दुखतं.

क्रेप बँडेजने मनगट आवळलं जातं, अंगठा मात्र मोकळाच राहतो. म्हणून मनगटासह अंगठा धरून ठेवणारा स्प्लिंट घ्या. तो साधारण 3 ते 6 आठवडे वापरावा लागतो. तेवढे दिवस लाटणं दुसऱ्या कुणाकडे द्या. तुम्ही भाजायला उभ्या राहिलात तर चिमटा डाव्या हातात धरा, नाहीतर अंगठ्याची सुटका नाहीच. फडकी पिळणंही टाळा.

पुन्हा लाटायला लागाल तेव्हा 30-40 पोळ्यांपासून सुरुवात करा. ओटा कोपराच्या 10-15 सेंटिमीटर खाली हवा. उंच असेल तर पायाखाली भक्कम पाट घ्या. अंगठा बाजूला ताणून लाटणं आवळू नका, तळव्याने फिरवा. कणीक सैलसर भिजवून अर्धा तास मुरू द्या. घट्ट कणकेला जोर लागतो, आणि तो जोर अंगठ्यावरच येतो.

एवढं करून उतार नसेल तर बोगद्यात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन बहुतेकांना चांगलं लागू पडतं. मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, काही दिवस साखर वाढते. पहिली तीन बोटं रात्री बधिर होत असतील किंवा सकाळी दोन्ही हात तासभर आखडत असतील, तर दुखणं वेगळं आहे. तपासून घ्या.

प्रश्न : ढोल पथकात वाजवतो. टिपरूच्या हाताचं कोपर बाहेरून दुखतं. डॉक्टरांनी टेनिस एल्बो सांगितला. दोन आठवडे विश्रांती घेतली, बरं वाटलं. पहिल्याच सरावाला पुन्हा तेच.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : होणारच. इथे कंडरा हाडाला जिथे चिकटते ती जागा कमकुवत झालेली असते. विश्रांतीने दुखणं शमतं, ताकद येत नाही. ती भार देऊनच येते.

पहिले एक-दोन आठवडे : हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. दुसऱ्या हाताने वरून दाबा आणि मनगट न हलू देता 30 ते 45 सेकंद तोलून धरा. असं पाच वेळा, रोज. मग अर्ध्या लिटरची भरलेली बाटली घ्या. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर आणा, आणि चार सेकंद मोजत एकट्या हाताने खाली सोडा. 15 च्या तीन फेऱ्या, दिवसाआड. दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तरी चालेल. दुसऱ्या सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर वजन कमी करा. साधारण 12 आठवडे धरून चाला, म्हणजे यंदाच्या मिरवणुकीचा हट्ट सोडलेला बरा.

सराव 15 मिनिटांपासून, दिवसाआड. टिपरू सैल धरा. आवाज खांद्यातून काढायचा, मुठीतून नाही. आणि इथे स्टेरॉइडच्या इंजेक्शनची घाई नको : महिना-दीड महिना छान वाटतं, पण वर्षभराने इंजेक्शन न घेतलेले अनेकदा पुढे असतात.

प्रश्न : पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी धावतोय. नडगी दुखते. थांबू का?
– एक वाचक, बीड

उत्तर : नडगीच्या आतल्या कडेने बोट फिरवा. चार-पाच बोटं लांबीचा पट्टा दुखत असेल तर अंतर निम्म्यावर आणा, डांबरी रस्ता सोडून मातीवर पळा आणि पोटरीसाठी टाचा उचलण्याचा व्यायाम करा. एकाच बोटाएवढी जागा दुखत असेल, रात्री ठणकत असेल, तर आजच थांबा. हाडाला चीर असू शकते. पहिले दोन-तीन आठवडे ती एक्स-रेत बहुधा दिसत नाही. त्यामुळे रिपोर्ट स्वच्छ आला तरी अस्थितज्ज्ञांना दाखवल्याशिवाय पळू नका.