'पाऊलठसा' म्हणावं की 'माग'?

प्रश्न कोल्हापुरातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचा आहे. फलकावर 'डायनोसॉरच्या पूर्वजांच्या पायांचे जीवाश्म' असं लिहिलं तर चालेल का, आणि त्याऐवजी 'माग' म्हणता येईल का?

'पायांचे जीवाश्म' नकोच. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दगड झालेली हाडं येतात, आणि इथे हाड एकही नाही. चिखलात पाय रुतला, त्या रुतण्याचा आकार तेवढा टिकला. त्याला 'पाऊलठसा' हा नेमका शब्द आहे; 'अश्मीभूत पाऊलठसे' म्हणा. सामान्यरूप मात्र सांभाळा: ठशाचा, ठशांवर. 'ठस्याचा' नव्हे.

ठशाचेही दोन प्रकार असतात आणि चुका इथेच होतात. खोलगट असतो तो मूळ ठसा. त्यात वरून वाळू बसून तिचा दगड झाला की त्या वरच्या थराच्या तळाला उठावदार आकार मिळतो. त्याला 'भरीव ठसा' म्हणावं. गुऱ्हाळात साच्यातल्या कापडाची वीण ढेपेवर उमटते, तसंच हे. कापडात जिथे खळगा, तिथे ढेपेवर उंचवटा. भरीव ठसा आरशातल्यासारखा उलटा असतो, त्यामुळे त्यात उजवं पाऊल डावं वाटतं. फोटोखाली कोणता ठसा आहे ते लिहाच.

आता 'माग'. एकाच प्राण्याच्या सलग ठशांच्या रांगेला हा शब्द फार चांगला आहे. माग काढणे, मागोवा, मागमूस हे सगळे त्याच घरातले. अडचण आपल्या जिल्ह्याचीच. इचलकरंजीच्या मुलाला माग म्हटलं की कापड विणायचा मागच आठवणार. 'मागावर बसलाय' आणि 'मागावर आहे' यांत अर्थ क्रियापदानेच बदलतो, सामान्यरूप दोन्हींचं सारखंच. म्हणून सुटा शब्द न वापरता 'पावलांचा माग' लिहा. अंतर देताना उजव्यापासून डाव्यापर्यंत 'पाऊल' आणि उजव्यापासून पुन्हा उजव्यापर्यंत 'ढांग' असा भेद ठेवा, नाहीतर आकडा जवळजवळ दुप्पट होतो.

'पूर्वज' हा शब्द मला सर्वांत जास्त खटकतो. पूर्वज म्हणजे थेट वंशातला, आणि ठशावरून तेवढं सिद्ध होत नाही. आपल्याकडचा 'भावकी' इथे चपखल बसतो: मूळ पुरुष एक, घरं वेगळी. पोलंडमधल्या ज्या ठशांवर 2010 साली संशोधन प्रसिद्ध झालं, ते सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीचे, जेमतेम काही सेंटिमीटर लांबीचे आहेत. प्राणी चारी पायांवर चालणारा. मधली तीन बोटं एकमेकांना लागून, जवळजवळ समांतर. तो डायनोसॉरच्या भावकीतला, पण स्वतः डायनोसॉर नव्हे. जर्मनीतल्या ज्या ठशांना 1835 साली कायरोथेरियम, म्हणजे 'हाताचा पशू', हे नाव मिळालं, ते मगरींच्या भावकीकडचे. त्यांत अंगठा वाटतं ते बोट प्रत्यक्षात बाहेरच्या बाजूचं, पाचवं आहे.

पोलंडच्या त्या ठशांचं नाव प्रोरोटोडॅक्टिलस. हे नाव ठशाचं आहे, प्राण्याचं नाही. त्यामुळे 'प्रोरोटोडॅक्टिलस इथून चालत गेला' हे वाक्य चुकीचं. 'प्रोरोटोडॅक्टिलस ठसे उमटवणारा प्राणी इथून चालत गेला' असं लिहा.