पार्किंगमध्ये दुकान काढू का?

नमस्कार काका,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इंदुरात लोकमान्यनगरला २०१४ साली बांधलेलं घर, खाली खांबांवर पार्किंग, वर दोन मजले. मुलगा पुण्यात. एफडीतले साडेतीन लाख काढून पार्किंगला भिंत नि शटर घालायचं, दुकान महिना १२ हजारांनी द्यायचं आणि गाडी फाटकाबाहेर, नालीवर रॅम्प करून उभी करायची.

कोणालाही मोह पडेल. साडेतीन लाख एफडीत ७ टक्क्यांनी वर्षाला २४,५०० देतात. दुकान १,४४,००० देईल. पण घातलेले पैसे वसूल व्हायलाच जवळपास ३० महिने लागतात, तेही दुकान एक महिनासुद्धा रिकामं राहिलं नाही तर. अडीच वर्षं ते दुकान तिथे टिकेल का?

मला नाही वाटत. मध्य प्रदेश भूमी विकास नियम २०१२ प्रमाणे खांबांवरची पार्किंग एफएआरमध्ये (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं, त्या प्रमाणात) धरत नाहीत. शटर लागलं की तीच जागा बांधकामात मोजली जाते, आणि तुमच्या मंजूर नकाशात तर ती पार्किंग म्हणूनच दाखवलेली. ‘नंतर कंपाउंडिंग करून घेऊ’, म्हणजे पैसे भरून जादा बांधकाम नियमित करून घेऊ, असं ठेकेदार म्हणतोय. त्याचं काय जातंय! पार्किंगच्या जागेतलं बांधकाम कंपाउंडिंगमध्ये बसत नाही. नोटीस आली की भिंत स्वतःच्या पैशाने पाडायची, भाडेकरूचं डिपॉझिट परत करायचं, वर त्याच्या फर्निचरवरून वाद.

रॅम्पचं तर नावच नको. तुम्ही पाठवलेल्या फोटोत नालीवर दोन सुट्या फरश्या दिसतात, कडेला लोखंडी कडी. सफाईवाले त्या उचलून गाळ काढत असणार. तिथे सिमेंट ओतलंत तर पहिल्या जोराच्या पावसात पाणी तुमच्याच ओटल्यापाशी तुंबेल. शिवाय फाटकापुढची जागा रस्त्याची. रॅम्प आज ना उद्या निघणार आणि गाडी उघड्यावर. चढ हवाच असेल तर फाटकाच्या आत घ्या.

अजून एक, जे तुमच्या हिशोबात कुठेच नाही. माझ्या एका अशिलाने असंच शटर लावलं होतं. घर विकायला काढलं तेव्हा गिऱ्हाइकाच्या बँकेचा व्हॅल्युअर नकाशा हातात घेऊन आला, खाली दुकान बघितलं आणि कर्ज अडकलं. शेवटी भाव पाडून द्यावं लागलं. उद्या मुलाने पुण्याहून घर विकायचं ठरवलं तर?

त्यापेक्षा वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या बघा. जिना बाहेरून आहेच. बाथरूम आणि स्वयंपाकाचा ओटा मिळून सव्वा लाखाच्या आत व्हावं. भाडं सात हजार धरलं तरी १८ महिन्यांत वसूल. भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या भाड्यावर प्राप्तिकरात ३० टक्के प्रमाणित वजावटही मिळते. वर्षाला साठ हजार कमी येतील, हे खरं. पण सव्वादोन लाख एफडीतच राहतील आणि शटरच्या नोटिशीची धास्ती नाही.

एफडी तीन महिन्यांनी मुदत पुरी होतेय म्हणालात, तर आज मोडून व्याज घालवू नका. तेवढ्यात नकाशाची प्रत काढून ठेवा. भाडेकरू मिळाला की ११ महिन्यांचा करार करा आणि त्याची माहिती ठाण्यात द्या.