जांभळ्या-तांबड्या लाकडाचा रंग आणि त्याची धूळ

प्रश्न : निवृत्तीनंतर घरामागच्या शेडमध्ये मी हौसेने सुतारकाम करतो. नातीच्या रुखवतासाठी शिवणीच्या लाकडाचा करंडा करून त्यात पर्पलहार्ट आणि पडौक या परदेशी लाकडांच्या रंगीत पट्ट्या जडवण्याचा विचार आहे. हे रंग टिकतील का? शेडला लागूनच स्वयंपाकघर असल्याने धुळीचीही काळजी वाटते.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वखारीत दिसणाऱ्या रंगावर भाळून लाकूड घेऊ नये. दक्षिण व मध्य अमेरिकेतले पर्पलहार्ट कापल्याबरोबर मळकट तपकिरी दिसते, हवा आणि उजेड लागल्यावर काही दिवसांत जांभळे होते आणि पुढे उन्हाने पुन्हा तपकिरीकडे झुकते. आफ्रिकी पडौकचा शेंदरी तांबडेपणा तर त्याहून लवकर काळवंडतो. अतिनील किरण रोखणारे वॉटरबेस पीयू (पाण्यात मिसळणारे पॉलियुरेथेन वॉर्निश) लावल्यास हा बदल लांबतो, थांबत मात्र नाही. म्हणून दोन्हींचे तुकडे अर्धे काळ्या कागदात गुंडाळून महिनाभर पश्चिमेच्या खिडकीत ठेवावेत आणि उघड्या भागाचा रंग पसंत पडला, तरच पुढे जावे. पिवळा रंग हवा असल्यास आपला फणस काय वाईट आहे? तोही कालांतराने सोनेरी तपकिरी होतो, पण ते रूप मला मूळ रंगाहून अधिक आवडते.

पडौकची आणखी एक खोड आहे. माझ्या पहिल्याच डबीवर मी पडौकची पट्टी आणि शिवणीचे लाकूड एकत्रच पॉलिशपेपरने घासले आणि तांबडी भुकटी फिकट लाकडाच्या रंध्रांत अशी बसली की सगळे झाकण गुलाबी झाले. त्यावर बोळ्याने फ्रेंच पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, फिरवल्यावर पडौकचा रंग स्पिरिटमध्ये उतरून आणखी पसरला. त्यामुळे जोडाची जागा धारदार स्क्रेपरने, म्हणजे लाकूड तासणाऱ्या पोलादी पातीने, साफ करावी.

धुळीबाबतची आपली काळजी रास्त आहे, परंतु ती केवळ परदेशी लाकडापुरती ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ निश्चित कर्करोगकारक ठरवली असून नाक आणि त्यालगतच्या पोकळ्यांना तिचा मुख्य धोका असतो. याखेरीज शिसवासारख्या काही लाकडांची ॲलर्जी वारंवार संपर्काने जडते आणि एकदा जडली की चिमूटभर भुकटीनेही अंग खाजते किंवा दम लागतो. खाली पडणाऱ्या भुशापेक्षा डोळ्यांना न दिसणारी, तासन्‌तास हवेत तरंगणारी बारीक धूळ अधिक घातक असते. ती तोंडाला बांधलेल्या रुमालातून सहज आत जाते, म्हणून चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. दाढी असेल, तर तोही नीट बसत नाही. सँडरला व्हॅक्यूमची नळी जोडावी, केरसुणी न फिरवता ओल्या फडक्याने पुसावे, स्वयंपाकघराकडचे दार बंद ठेवावे आणि कामाचे कपडे शेडमध्येच बदलावेत.