आकड्याआधी कारण

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

टेरी टॉवेलच्या मानकाचा तुझा मसुदा दोनदा वाचला. एका कलमात मऊपणासाठी सॉफ्टनरला मुभा आहे, दुसऱ्यात पाणी झटकन शोषले जावे अशी अट आहे आणि दोन्ही एकत्र जमेनात म्हणून समासात तू पेन्सिलीने ‘मधला आकडा घ्यावा का?’ असे लिहिले आहेस. त्या एका ओळीसाठी हे पत्र.

घेऊ नकोस. आधी कारण लिही, मग आकडा.

सिलिकॉनचा सॉफ्टनर सुतावर पातळ थर धरतो. त्याने टॉवेल हाताला मऊ लागतो आणि बहुधा त्याच थरामुळे पाणी आत शिरायला वेळ लागतो. हे तुला माहीत आहे. पण मऊपणा मागणारा दुकानदार घडीतल्या कोऱ्या टॉवेलवर हात फिरवतो आणि शोषण मागणारा हॉटेलवाला तोच टॉवेल रोज धुतो, हे दोघांना समोर बसवून तू विचारलेस का?

मी विचारले नव्हते. तीस वर्षांपूर्वी अशाच एका समितीत, पाण्यावर टाकलेला तुकडा किती सेकंदांत बुडावा यावर कारखानदार वीस म्हणत होते, खरेदीदार पाच. रात्र झाली होती, सगळे कंटाळले होते आणि मी बारा लिहून मोकळा झालो. पुढे सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका छोट्या यंत्रमागधारकाचा सगळा माल परत आला. मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा त्याने ओट्यावर बादली ठेवून एकाच टॉवेलचे दोन तुकडे पाण्यात सोडले. कोरा तरंगत राहिला. धुतलेला मी घड्याळाकडे पाहीपर्यंत तळाला गेला. वाद आकड्याचा नव्हताच. ‘किती धुलाईनंतर’ एवढे दोन शब्द मसुद्यात नव्हते आणि ते घालणे माझे काम होते.

काही विरोध मात्र खरेच मिटत नाहीत. गडद मरून टॉवेल ओला घासला तर फिक्या रंगापेक्षा जास्त रंग सोडतो; तिथे गडद आणि फिक्या छटांना वेगळी श्रेणी दे आणि ती का दिली तेही लिही. भारतीय मानकाचे निदान पाच वर्षांतून एकदा पुनरावलोकन होते. त्या वेळी तू आणि मी त्या खोलीत असूच असे नाही. नुसता आकडा पाहणारा माणूस तो घाबरून तसाच ठेवील किंवा बेफिकिरीने बदलील; कारण दिसले, तर तो विचार करील.

त्या बारानंतर मी कारण नसलेल्या एकाही कलमावर सही केली नाही. त्यापायी बैठका लांबल्या, मला हेकट म्हटले गेले, दोन समित्यांनी पुन्हा बोलावले नाही. मला त्याचे वाईट वाटत नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या व्याख्येतही सहमती म्हणजे सर्वांचा होकार नव्हे. महत्त्वाच्या मुद्द्यावर संबंधितांपैकी कोणत्याही महत्त्वाच्या गटाचा टिकून राहिलेला विरोध नसणे आणि परस्परविरोधी म्हणणी जुळवण्याचा प्रयत्न झालेला असणे, असा तिचा अर्थ आहे. थकून डोलावलेल्या माना या व्याख्येत बसत नाहीत. माझ्या बाराला कोणी विरोध केला नव्हता, कारण तो आकडा कोणाचाच नव्हता.

मंगळवारच्या बैठकीआधी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतून एकाच लॉटचे दोन टॉवेल घे. एक पाच वेळा धू, दुसरा तसाच ठेव आणि दोन्ही घेऊन माझ्याकडे ये. कलम आपण बादलीजवळ बसून लिहू.