पिल्लू पडलेलं नाहीये, ते निघालंय

प्रश्न : झाडाखाली बुलबुलचं पिल्लू बसलेलं दिसलं, उडता येत नव्हतं. दोनदा उचलून घरट्यात ठेवलं, दोन्ही वेळा पठ्ठ्यानं परत खाली उडी मारली. आईनं टाकलं असेल का? शिवाय माझा हात लागला म्हणजे आता ती त्याला जवळ घेणार नाही असं घरात सगळे म्हणतायत, फार अपराधी वाटतंय.

उत्तर : अहो ताई, अजिबात वाटून घेऊ नका. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकत नाहीत, ही समजूत कुठून आली कुणास ठाऊक पण जायचं काही नाव घेत नाही. आणि तुमचं पिल्लू पडलं नव्हतंच, ते घर सोडून निघालं होतं, तुम्ही त्याला दोनदा परत नेऊन बसवलंत म्हणून ते दोनदा परत निघालं.

आपल्याला वाटतं की आधी उडायला यायचं आणि मग घरटं सोडायचं, पण गाणाऱ्या पक्ष्यांमध्ये बऱ्याचदा उलटं असतं. उघड्या वाटीसारखं घरटं असेल तर पिल्लं साधारण १० ते १४ दिवसांची झाली की बाहेर पडतात, तेव्हा पंख अर्धवट, शेपूट म्हणजे नुसता खुंट, चोचीच्या कडा अजून पिवळ्या. मग एवढी घाई कशाला? कारण घरटं ही आपल्याला वाटते तशी सेफ जागा नाहीच मुळी. तीन-चार पिल्लं एकाच जागी कलकलाट करतायत, आईबाप दिवसभर तिथेच ये-जा करतायत, साप, मांजर, कावळा यांना आयता पत्ता मिळतो आणि एका फेरीत सगळी पिल्लं जातात. तीच वेगवेगळ्या झुडपांत पांगली तर एखादं जाईल पण बाकीची वाचतील. म्हणून शेवटच्या दिवसांत मोबाईल घेऊन घरट्यात डोकावू नका, घाबरून ती वेळेआधीच उड्या टाकतात.

आता ओळखायचं कसं. अंगावर पिसं आहेत, डोळे उघडे आहेत, बोटावर नीट पकडून बसतंय, मग ते निघालेलं पिल्लू, त्याला फक्त जवळच्या दाट झुडपात उंचावर ठेवा आणि लांब व्हा, तुम्ही समोर उभे असाल तोवर आई येणारच नाही. उघडंनागडं, डोळे मिटलेलं असेल तर ते मात्र पडलेलंच, घरटं सापडलं तर त्यात परत ठेवा. चोचीत पाणी घालू नका, श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच असतं, पाणी सरळ तिकडे जातं. दूध-पोळीही नको. मांजर तुमचं असेल तर आठवडाभर घरात कोंडा, या एका गोष्टीनं बाकी सगळ्यापेक्षा जास्त जीव वाचतील.

प्रश्न : रात्री तरी झोपायला घरट्यात जातात ना?

उत्तर : बहुतेक नाही. दाट पानांत फांदीवर बसून, भावंडं जवळ असली तर एकमेकांना चिकटून झोपतात. काही पाकोळ्यांची पिल्लं थोडे दिवस परत येतात, पण बाकीच्यांना एकदा निघाल्यावर त्या घरट्याचं काही पडलेलं नसतं.

प्रश्न : मग आईबाप किती दिवस भरवतात आणि काही शिकवतात का?

उत्तर : जातीप्रमाणे बदलतं, पण पुष्कळ पक्ष्यांत दोन-तीन आठवडे, चिमणीत त्याहून कमी. काही जातींत आईबाप पिल्लं वाटून घेतात, दोन तुझी, दोन माझी. चिमणीची मादी पुढच्या अंड्यांच्या तयारीला लागते आणि मागच्या पिल्लांचं बरंचसं बापाच्या गळ्यात पडतं. मी एकदा बघितलं, पिल्लू चक्क दाण्यांच्या ढिगावर उभं, पायाखाली दाणे, आणि पंख थरथरवत चोच वासून बापाकडे मागतंय! बापानं त्याच्याच पायाजवळचा दाणा उचलून भरवला. दोनदा भरवला आणि मग सरळ उडून गेला. पिल्लू थोडा वेळ ओरडलं, नंतर खाली मान घालून एक काडी उचलली, टाकली, मग खडा, तोही टाकला, आणि शेवटी दाणा. शिकवणं म्हणाल तर एवढंच, बाप भरवायचं कमी करत जातो आणि पिल्लू भुकेपोटी दिसेल त्याला चोच मारून बघत बसतं. पहिला आठवडा सगळ्यात वाईट, सर्वात जास्त पिल्लं तेव्हाच मरतात, तो निघाला की पंख नीट चालायला लागतात.

प्रश्न : गाणं जन्मतःच येतं का?

उत्तर : हाका मारणं येतं, गाणं शिकावं लागतं. केंब्रिजमध्ये विल्यम थॉर्प या पक्षी-अभ्यासकांनी १९५० च्या दशकात चॅफिंच या युरोपातल्या चिमणीएवढ्या गाणाऱ्या पक्ष्याची पिल्लं मोठ्यांपासून लांब वाढवली, ती गायली खरी, पण गाणं अगदी साधं, ओबडधोबड निघालं. लहानपणी मोठ्या नरांचं ऐकून डोक्यात साठवायचं आणि मग स्वतःचा आवाज त्याच्याशी जुळवत बसायचं, असा हा रियाज असतो. झेब्रा फिंच या ऑस्ट्रेलियातल्या इवल्याशा पक्ष्यामध्ये फक्त नर गातो, आणि साधारण ९० दिवसांचा होईतो त्याचं गाणं पक्कं होतं, नंतर त्यात फारसा बदल नाही. सुरुवातीची प्रॅक्टिस ऐकायची असेल तर दुपारी पानांच्या आड बसलेलं तरुण पाखरू शोधा, चोच जेमतेम हलते, आवाज पुटपुटल्यासारखा बारीक, ना सूर ना ताल, आणि तुम्ही एक पाऊल पुढे टाकलंत की लगेच बंद.