टॅप केल्यावरही हात सुटला नाही

प्रश्न : मी ३१ वर्षांचा आहे, पिंपरीत एका कंपनीत नोकरी करतो. आठ महिन्यांपूर्वी ज्युदोच्या क्लासला जायला लागलो. शाळेत कबड्डी खेळायचो, अंगात ताकद आहे, म्हणून लवकर जमेल असं वाटलं होतं. पण क्लासमधली सतरा वर्षांची एक मुलगी, माझ्यापेक्षा वीसेक किलोंनी हलकी, मला रोज पाडते. पडलो की डोक्यात सणक जाते. मागच्या महिन्यात असाच तिच्याकडून पडलो आणि लगेच एका कॉलेजच्या मुलाशी रांदोरी, म्हणजे सरावाची मोकळी लढत होती. त्याचा हात आर्मलॉकमध्ये, म्हणजे कोपराला पीळ देणाऱ्या पकडीत सापडला. त्याने टॅप केलं, म्हणजे ‘हरलो, सोड’ म्हणून थोपटलं. मला ते कळलं. तरी क्षणभर मी ओढतच राहिलो. त्याचं कोपर सुजलं. सरांनी मला पंधरा दिवस बाहेर बसवलं आहे. हा राग सोडायचा कसा? आणि राग सोडला तर जिंकायचं कशाच्या जोरावर?
– अ. पा., पिंपरी

उत्तर : ‘मला ते कळलं’ हे तीन शब्द गाळून तुम्हाला पत्र लिहिता आलं असतं. तुम्ही ते लिहिलेत, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहिते.

आधी त्या मुलाला भेटायला जा. मेसेज पाठवू नका, समोर जा. कोपर किती वळतंय ते विचारा, औषधपाण्याचा खर्च झाला असेल तर तो द्या, आणि टॅप कळला होता हेही सांगा. घशात अडकेल, पण तेच सांगायचं आहे.

ज्युदोत सांध्याला पीळ द्यायचा तो फक्त कोपराला. मनगट, खांदा, गुडघा यांवर नियमानेच बंदी आहे. आणि कोपर पूर्ण सरळ झाल्यावर त्याच्यापुढे बोटभरही जागा नसते. समोरचा थोपटतो तेव्हा तो आपला हात तुमच्या हवाली करतो. हा भरवसा आहे म्हणून आम्ही रोज संध्याकाळी एकमेकांचे गळे आवळतो आणि रात्री धडधाकट घरी जातो. तो गेला तर तुमच्याशी कोणी मनापासून खेळणार नाही. नुसतं सांभाळून खेळतील, आणि तुमचं शिकणं तिथेच थांबेल.

आता त्या मुलीबद्दल. तिच्यासमोर तुम्ही कसे उभे राहता ते न बघताही मला दिसतंय : दोन्ही हात ताठ, खांदे कानांशी आलेले, श्वास कोंडलेला, सगळं वजन चवड्यांवर. ती वळून आत शिरते तेव्हा तुम्ही आधीच तिच्या पाठीवर झुकलेले असता. सेओई-नागेला, म्हणजे पाठीवर घेऊन खांद्यावरून फेकायच्या डावाला, याहून सोपा माणूस मिळत नाही. तुमचे जास्तीचे वीस किलो तुम्हीच तिच्या हातात देता.

ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी १८८२ साली तोक्योतल्या एका देवळात, बारा चटयांच्या जागेत कोडोकान ही आपली ज्युदोची शाळा सुरू केली. ते स्वतः लहान चणीचे होते. ते एक हिशेब सांगत. समोरच्याची ताकद दहा, माझी सात. त्याने ढकललं आणि मी अडून राहिलो, तर मी पडणार. पण तो ढकलेल तेवढाच मी माझा तोल राखून मागे सरलो, तर तो पुढे झुकतो, आणि झुकलेल्या माणसाकडे दहातले तीनच उरतात. माझे सात शाबूत. राग आला की माणूस ढकलतो, अडतो, ताठ होतो. दहाचे तीन व्हायला वेळ लागत नाही.

हे मला फार उशिरा कळलं, आणि त्याची किंमत दुसरीने मोजली. मी बावीस वर्षांची, ब्राऊन बेल्ट. क्लासमध्ये नव्याने आलेल्या मुलीने मला सगळ्या लहान मुलांसमोर स्वच्छ पाडलं. उठले ती कान तापलेलेच. पुढच्या पकडीत मी तिला डाव म्हणून नाही, आपटायचं म्हणून आपटलं. तिचं गळपट्टीचं हाड मोडलं. तो आवाज मला अजून आठवतो.

आमचे सर ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तीन महिने त्यांनी मला फक्त उके केलं, म्हणजे पडणारी. पिवळ्या पट्ट्याच्या दहा वर्षांच्या पोरांनीही मला पाडायचं आणि मी मॅटवर हात मारून उठून पुन्हा उभं राहायचं. तालमीत ‘रग जिरवणं’ म्हणतात ते हेच. पहिले आठ-दहा दिवस मी रडत घरी गेले. मग हळूहळू पडताना कळायला लागलं : डाव कंबरेतून येत नाही, त्याच्या कितीतरी आधी माझ्या बाहीवरचा हात किंचित खेचला जातो. ते खेचणं ओळखायला मी आठ वर्षांत शिकले नव्हते.

म्हणून परत गेल्यावर महिनाभर सरांना सांगून पडायचंच काम घ्या. रोज आधी उकेमी, म्हणजे न लागता पडण्याचा सराव, दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास. रांदोरीत पकड घेतलीत की कोपरं सैल सोडा आणि श्वास ऐकू येईल असा सोडा. सणक जायला लागली की पकड सोडून वाकून नमस्कार करा आणि त्या फेरीपुरते बाजूला व्हा. यात कसलीही लाज नाही. मी आजही होते.

जिंकण्याचं म्हणाल, तर हल्ला सोडा असं मी म्हणतच नाही. जो नुसता अडून राहतो, हल्ला करत नाही, त्याला ज्युदोत शिदोची शिक्षा होते. चढाई करायचीच, पण समोरच्याचा तोल बघून. स्वतःचा अपमान मोजत बसलेल्या माणसाला तो दिसत नाही.

१९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये खुल्या गटाच्या अंतिम लढतीत नेदरलँड्सच्या आंतोन गेसिंकने जपानच्या कामिनागाला जमिनीवर दाबून धरून हरवलं. जपानच्या घरात, बुदोकानमध्ये, त्यांच्याच खेळात. त्याचे पाठीराखे आनंदाने मॅटवर धावत यायला लागले, तर गेसिंकने हात वर करून त्यांना थांबवलं. नमस्कार व्हायचा होता अजून. त्या एका हाताबद्दल मी माझ्या प्रत्येक तुकडीला सांगते.

पहिल्या दिवशी पहिली रांदोरी त्या मुलीशीच मागा. ती पाडेल. उठल्यावर तिला विचारा, ‘माझा तोल कुठे गेला?’ ती सांगेल ते लक्ष देऊन ऐका. आणि त्या मुलाचं कोपर कसं आहे, ते मला कळवा.